गुणसूत्रांची घडी कशी वाचावी: हाय-सी नकाशाचा पायरी-पायरीने अभ्यास

हाय-सीचा नकाशा पहिल्यांदा उघडला की पांढऱ्यावर लाल रंगाचा एक चौकोन दिसतो आणि त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली गडद रेघ. जरा वेळ पाहत राहिलं की त्यात चौकटी, त्रिकोण, ठिपके दिसू लागतात. जीवशास्त्रात किंवा जीवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्यांना शोधनिबंधांत असे नकाशे सतत भेटतात, आणि बरेच जण आकृतीखालच्या दोन ओळी वाचून पान उलटतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. केंद्रकात गुणसूत्रं कशी घडी घालून बसलेली असतात हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासायची इतकी सोपी संधी याआधी कधीच नव्हती. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि थोडा निवांत वेळ पुरतो.

एक गोष्ट सुरुवातीपासून घट्ट धरून ठेवायची. हा नकाशा म्हणजे मोजणी आहे. लाखो पेशी एकत्र घेऊन, डीएनएचे कोणते दोन तुकडे किती वेळा एकमेकांजवळ सापडले, याची ही मोजणी. नकाशा वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळेच होतात.

पहिली पायरी: आकडा कुठून येतो ते समजून घ्या

पेशींवर साधारण १ टक्का फॉर्मॅल्डिहाइड दहा मिनिटं ठेवतात. त्याने प्रथिनं डीएनएला आणि एकमेकांना जखडली जातात आणि त्या क्षणी जे तुकडे जवळ असतील ते जवळच राहतात. मग रेस्ट्रिक्शन एन्झाइमने डीएनए कापतात. एमबीओ-वन किंवा डीपीएन-टू हे एन्झाइम जीएटीसी ही चार अक्षरं दिसतील तिथे कापतात. चार अक्षरांची खूण सरासरी २५६ बेसनंतर एकदा येते. हिंद-थ्री या जुन्या आवडत्या एन्झाइमला सहा अक्षरांची खूण लागते, ती सरासरी ४,०९६ बेसनंतर येते. म्हणजे कोणतं एन्झाइम वापरलं यावरच नकाशा किती बारीक होऊ शकेल याची मर्यादा ठरते.

कापलेली टोकं बायोटिन लावलेल्या न्यूक्लिओटाइडने भरतात आणि लायगेजने जोडतात. शेजारी असलेली टोकं जोडली जातात, मग गुणसूत्रावर ती एकमेकांपासून कितीही लांब असोत. बायोटिन असलेले जोड तेवढे स्ट्रेप्टाविडिनने उचलतात आणि दोन्ही बाजूंनी त्यांचं सिक्वेन्सिंग करतात. एक जोड म्हणजे एक संपर्क. तो कोणत्या पेशीतून आला हे साध्या हाय-सीत कळत नाही.

या कल्पनेचं मूळ २००२ मधलं आहे. योब डेकर, नॅन्सी क्लेकनर आणि सहकाऱ्यांनी यीस्टवर थ्री-सी पद्धत मांडली. तिच्यात एका वेळी ठरावीक दोन ठिकाणांमधलेच संपर्क तपासता येत. २००९ मध्ये एरेझ लीबरमन-एडन, डेकर आणि सहकाऱ्यांनी सगळ्या जिनोमचे संपर्क एकदम मोजणारी हाय-सी आणली. तो नकाशा १ मेगाबेसचा, म्हणजे दहा लाख बेसच्या रकान्यांचा होता. २०१४ मध्ये सुहास राव आणि सहकाऱ्यांनी सगळं काम अखंड केंद्रकातच करून जीएम१२८७८ या मानवी लिम्फोब्लास्टॉइड पेशींचा नकाशा १ किलोबेसपर्यंत नेला. त्यामागे ४९० कोटी संपर्क होते. शिकायला आजही मी हाच नकाशा सुचवेन. तो खुला आहे, भरघोस आहे, आणि पुढच्या असंख्य निबंधांनी त्याचाच आधार घेतला आहे.

दुसरी पायरी: पाठ्यपुस्तकातलं चित्र थोडं बाजूला ठेवा

हिस्टोन प्रथिनांच्या आठ जणांच्या गटाभोवती १४७ बेसजोड्यांचा डीएनए पावणेदोनच्या आसपास वेढे घेतो आणि न्यूक्लिओसोम तयार होतो. इथपर्यंत शिकलेलं अगदी पक्कं आहे. १९९७ मध्ये क्ष-किरणांनी त्याची रचना अणूंच्या पातळीवर स्पष्ट झाली. त्यापुढचं चित्र, न्यूक्लिओसोमचा ३० नॅनोमीटरचा नेटका दोर, मग त्याहून जाड दोर, मग गुणसूत्र, हे मात्र जिवंत पेशीच्या केंद्रकात तसं सापडत नाही. २०१७ मध्ये क्लोदा ओ'शे यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मानवी पेशींमधलं क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि त्याला बांधलेली प्रथिनं, पाहिलं. तिथे ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या अनियमित साखळ्या दिसल्या. कुठे दाट, कुठे विरळ, एवढाच फरक. म्हणून हाय-सीच्या नकाशात ठरावीक जाडीच्या दोरांचे थर शोधू नका. तिथे दिसतं ते वेगळं: कोण कोणाच्या शेजारी असतं, आणि किती वेळा.

तिसरी पायरी: नकाशा उघडा आणि चौदाव्या गुणसूत्रापासून सुरुवात करा

ब्राउझरमध्ये जूसबॉक्स या हाय-सीचे नकाशे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची वेब आवृत्ती उघडा. उपलब्ध नकाशांच्या यादीतून रावांच्या २०१४ च्या कामातला जीएम१२८७८ चा एकत्रित नकाशा निवडा. आधी सगळ्या गुणसूत्रांचं एकत्र दृश्य दिसेल. प्रत्येक गुणसूत्राचा स्वतःशीच असलेला चौकोन गडद आणि दोन वेगळ्या गुणसूत्रांचे चौकोन फिके. म्हणजे प्रत्येक गुणसूत्र केंद्रकात आपापली जागा धरून असतं. ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाने आधीच दाखवली होती. तेओडोर बोवेरी यांनी १९०९ मध्ये तसं मांडलं होतं आणि थॉमस व क्रिस्टोफ क्रेमर या भावांनी पुढे प्रयोगांनी ते उचलून धरलं. फिक्या चौकोनांमध्येही फरक आहे. १६, १७, १९, २०, २१ आणि २२ ही छोटी, जनुकांनी भरलेली गुणसूत्रं एकमेकांशी जास्त संपर्कात दिसतात. १८ वं गुणसूत्र लहान असूनही या गटात नाही. लिम्फोसाइटच्या केंद्रकात १९ वं मध्याकडे आणि १८ वं कडेला असतं, हे रंगीत प्रोबने (ठरावीक डीएनएला चिकटणाऱ्या रंगीत तुकड्यांनी) आधीच दिसलं होतं.

आता १४ व्या गुणसूत्रावर जा. सुरुवातीचा सुमारे १९ मेगाबेसचा भाग कोरा दिसेल. तिथे काही घडत नाही असा त्याचा अर्थ नाही. या नकाशासाठी वापरलेल्या एचजी१९ या संदर्भ जिनोममध्ये त्या भागाचा क्रमच भरलेला नाही, त्यामुळे तिथे एकही तुकडा बसवता येत नाही. कोऱ्या पट्ट्या ओळखायची सवय आत्ताच लावून घ्या, प्रत्येक गुणसूत्रात सेंट्रोमिअरपाशी त्या भेटणारच. १४ वं निवडण्याचं कारणही इथेच आहे. त्याचा आखूड हात जवळजवळ कोराच असल्याने दोन हातांच्या संपर्कांची गुंतागुंत मध्ये येत नाही. ती कुठे त्रास देते ते पुढे येईल.

तीन गोष्टी हाताळून पाहा: रकान्याचा आकार, रंगाची कमाल मर्यादा आणि नॉर्मलायझेशन (मोजणीतले तांत्रिक कल काढून टाकणं). रंगाची मर्यादा खाली आणली की कुठलाही नकाशा भरगच्च दिसतो. वर नेली की तोच नकाशा रिकामा दिसतो. दोन नकाशे शेजारी ठेवून फरक दाखवणारी आकृती कुठेही पाहिलीत, तर आधी दोन्हींच्या रंगपट्टीवरचे आकडे वाचा.

चौथी पायरी: रकाना किती बारीक घ्यायचा ते ठरवा

इथे थोडं गणित करावंच लागेल. मानवी जिनोम सुमारे ३१० कोटी बेसचा. १ मेगाबेसचे रकाने केले तर ३,१०० रकाने होतात आणि त्यांच्या जोड्या होतात सुमारे ४८ लाख. १० किलोबेसचे रकाने केले तर जोड्या होतात सुमारे ४,८०० कोटी. रकाना शंभरपट बारीक केला की मोजणी दहा हजार पटीने जास्त जोड्यांत विभागली जाते. वीस-तीस कोटी संपर्कांच्या प्रयोगात ५ किलोबेसवर दिसणारा एकटा ठिपका बहुतेक वेळा निव्वळ योगायोग असतो.

रावांच्या गटाने वापरलेला निकष सोपा आहे. किमान ८० टक्के रकान्यांत प्रत्येकी १,००० संपर्क असतील असा सर्वात लहान रकाना, तीच त्या नकाशाची खरी बारीकी. जूसबॉक्स त्याहून खाली जाऊ देईल. आपण जायचं नाही.

नकाशात तीन आकृती शोधायच्या असतात: कंपार्टमेंट (आपसात जास्त संपर्क ठेवणारे गुणसूत्राच्या तुकड्यांचे दोन मोठे गट), टॅड (कर्णाला लागून दिसणारे, आतल्या आत जास्त संपर्क असलेले भाग) आणि लूप (दोन लांबची ठिकाणं जवळ आल्याने दिसणारा ठिपका). सरसकट सांगायचं तर कंपार्टमेंट पाहायला १०० ते ५०० किलोबेस, टॅड पाहायला २५ ते ५० किलोबेस आणि लूप पाहायला ५ ते १० किलोबेस.

पाचवी पायरी: प्रयोग नीट झाला होता का ते तपासा

ही पायरी बहुतेक जण ओलांडून पुढे जातात, आणि मला तीच सर्वात महत्त्वाची वाटते. सुंदर दिसणारा नकाशाही बिघडलेल्या प्रयोगातून येऊ शकतो.

एकाच गुणसूत्रातले संपर्क आणि दोन गुणसूत्रांमधले संपर्क यांचं प्रमाण आधी पाहा. डीएनएचे तुकडे केंद्रकातून बाहेर पडून द्रावणात कसेही जोडले गेले असते, तर मानवी पेशीत साधारण ९५ टक्के जोड दोन वेगळ्या गुणसूत्रांमधले निघाले असते. तेवीस गुणसूत्रांच्या लांबीवरून हा हिशेब कोणालाही करता येतो. चांगल्या प्रयोगात याच्या उलट असतं. बहुसंख्य संपर्क एकाच गुणसूत्रातले असतात. गुणसूत्रांमधल्या संपर्कांचं प्रमाण जितकं चढेल तितकी त्या नकाशात गोंगाटाची भेसळ जास्त समजावी.

दुसरी तपासणी दिशेची. प्रत्येक जोडाची दोन टोकं चारपैकी एका प्रकारे वाचली जातात: एकमेकांकडे तोंड केलेली, एकमेकांकडे पाठ केलेली, दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे. खरा संपर्क असेल तर चारही प्रकार प्रत्येकी २५ टक्के यायला हवेत. फार कमी अंतरावर, काही किलोबेसच्या आत, समोरासमोरचे जास्त आले तर ते न जोडलेले तुकडे आहेत, कापलेच गेले नाहीत किंवा टोकाला जोड लागलाच नाही. पाठीला पाठ लावलेले जास्त आले तर एकाच तुकड्याची दोन टोकं स्वतःलाच जोडली गेली आहेत. ज्या अंतरापासून चारही प्रकारांचं प्रमाण सारखं होतं, त्या अंतरापासून पुढचीच माहिती विश्वासाने वापरावी.

तिसरी तपासणी पीसीआरमुळे झालेल्या नकलांची. दोन्ही टोकं तंतोतंत सारखी असलेले जोड एकदाच मोजायचे. नकलांचं प्रमाण फार असेल तर तोच नमुना पुन्हा सिक्वेन्स करण्यात पैसे वाया जातात. नवी लायब्ररीच करावी लागते.

यानंतर नॉर्मलायझेशन. काही भाग एन्झाइमने नीट कापले जातात, काही नाही, काही भाग संदर्भ जिनोमवर नीट बसत नाहीत. हा कल काढायला २०१२ पासून आयसीई ही पुनरावृत्तीची पद्धत किंवा तिच्याच जातीची केआर पद्धत वापरतात. प्रत्येक रकान्याची एकूण बेरीज सारखी व्हावी असा दोन्हींचा आग्रह असतो. निरोगी पेशींना हे चालतं. कर्करोगाच्या पेशीत मात्र एखाद्या भागाच्या दोनऐवजी सहा प्रती असू शकतात. तिथे सगळ्या रकान्यांची बेरीज सारखी करणं म्हणजे खरा फरकच पुसून टाकणं. अशा वेळी कच्चा नकाशाही शेजारी उघडा ठेवा.

सहावी पायरी: कर्णापासून दूर जाताना रंग कसा फिका होतो ते मोजा

नकाशाचा कर्ण गडद असतो कारण जवळचे बेस एकमेकांना जास्त भेटतात. हे सगळ्या पॉलिमरमध्ये घडतं. माहिती दडलेली असते ती घट किती वेगाने होते यात. दोन्ही अक्ष लॉग मापात घेऊन अंतराविरुद्ध संपर्काची संभाव्यता काढली की एक उतरती रेषा मिळते. २००९ च्या नकाशात ५०० किलोबेस ते ७ मेगाबेस या टप्प्यात तिचा उतार उणे १ च्या जवळ होता, म्हणजे अंतर दसपट झालं की संपर्क एक दशांश. समतोलात पोचलेल्या, पूर्ण गुंतलेल्या पॉलिमरच्या गोळ्यात तो उणे दीड असायला हवा. म्हणजे गुणसूत्र फारसं न गाठाळता घडी घालून बसलंय, असा अंदाज त्यावरून बांधला गेला.

विभाजनाच्या वेळची गुणसूत्रं वेगळी वागतात. २०१३ मध्ये डेकर यांच्या गटाने मायटोसिसमध्ये थांबवलेल्या पेशींचा नकाशा काढला. त्यात साधारण १०० किलोबेस ते १० मेगाबेसपर्यंत उतार उणे अर्धाच होता, त्यापुढे संपर्क एकदम कोसळत होते, आणि कंपार्टमेंट व टॅड दोन्ही नाहीसे झाले होते. म्हणून तुमच्या नमुन्यात विभाजन होणाऱ्या पेशी जास्त असतील तर नकाशातल्या सगळ्याच आकृती पुसट होतात. दोन नमुन्यांची तुलना करताना पेशीचक्र आधी तपासावं ते यासाठीच.

सातवी पायरी: कंपार्टमेंट शोधा

१४ व्या गुणसूत्रावर परत या. ५०० किलोबेसच्या रकान्यावर कर्णापासून लांबही, चौकड्याच्या कापडासारखा आडव्या-उभ्या पट्ट्यांचा नमुना दिसेल. हा नमुना सांगतो की गुणसूत्राचे तुकडे दोन गटांत पडतात आणि आपल्याच गटाशी जास्त संपर्क ठेवतात. ए गटात बहुतेक सक्रिय जनुकं आणि उघडं क्रोमॅटिन असतं. बी गटात घट्ट आणि बरंचसं शांत क्रोमॅटिन असतं, त्यातला मोठा वाटा केंद्रकाच्या कडेच्या लॅमिनाला लागून राहतो.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. जूसबॉक्सच्या संगणकावर उतरवून घ्यायच्या आवृत्तीत आधी निरीक्षित भागिले अपेक्षित हे दृश्य घ्या. त्याने अंतरामुळे होणारी घट निघून जाते. मग पीअरसन दृश्य घ्या. चौकड्या लख्ख दिसतील. त्या सहसंबंधाच्या तक्त्याचा पहिला मुख्य घटक काढला की प्रत्येक रकान्याला अधिक किंवा उणे चिन्ह मिळतं.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. गणिताला ए आणि बी कळत नाही, चिन्ह कुठल्याही बाजूला लागू शकतं. जनुकांची घनता किंवा जीसीचं (जी आणि सी या दोन बेसचं) प्रमाण शेजारी ठेवून जास्त घनतेच्या बाजूला ए म्हणायचं, आणि हे प्रत्येक गुणसूत्रासाठी वेगळं करायचं. दुसरी गोष्ट, ज्या गुणसूत्रांचे दोन्ही हात लांब असतात त्यांत पहिला घटक कित्येकदा नुसता हातांमधला फरक दाखवतो. आलेखात सेंट्रोमिअरपाशी एकदाच चिन्ह पालटलेलं दिसलं की हाच घोळ आहे असं समजा आणि प्रत्येक हाताचा हिशेब स्वतंत्र करा.

घट्ट क्रोमॅटिन नेहमी कडेलाच असतं असंही धरून चालू नका. २००९ मध्ये इरिना सोलोवेई आणि सहकाऱ्यांनी रात्री वावरणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातल्या रॉड पेशी पाहिल्या. तिथे घट्ट क्रोमॅटिन मध्यभागी आणि सक्रिय क्रोमॅटिन कडेला होतं. त्यामुळे केंद्रक प्रकाश विखुरण्याऐवजी एकवटतं. उंदराच्या डोळ्यातल्या एका पेशीत गुणसूत्रांची मांडणी थेट दृष्टीच्या उपयोगाला आलेली आहे. या विषयातला मला सर्वात आवडणारा शोध हाच.

आठवी पायरी: टॅडच्या सीमा काढा

रकाना ५० किलोबेसवर आणून नकाशा मोठा करा. कर्णाला लागून चौकोन दिसतील. नकाशा ४५ अंशांत फिरवला तर तेच त्रिकोण होतात. चौकोनाच्या आतले भाग एकमेकांशी जास्त भेटतात, सीमेपलीकडच्यांशी कमी. २०१२ मध्ये जेसी डिक्सन व बिंग रेन, एल्फेज नोरा व एडिथ हर्ड आणि जाकोमो कावाली यांच्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी हे भाग दाखवले. पहिल्या दोघांनी सस्तन प्राण्यांच्या पेशीत, तिसऱ्यांनी फळमाशीत. डिक्सन यांच्या उंदराच्या पेशींतल्या टॅडचा मध्यक ८८० किलोबेस होता. रावांच्या बारीक नकाशातल्या संपर्कक्षेत्रांचा मध्यक १८५ किलोबेस निघाला. दोन्ही आकडे बरोबर आहेत. बारीक पाहिलं की मोठ्या चौकोनात लहान चौकोन दिसतात. म्हणून "या पेशीत टॅड किती?" या प्रश्नाला रकाना आणि पद्धत सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

सीमा काढायला इन्शुलेशन स्कोअर घ्या. कर्णावरून एक छोटा चौकोन सरकवत न्यायचा आणि त्या बिंदूच्या अलीकडच्या भागाचे पलीकडच्या भागाशी किती संपर्क आहेत ते मोजायचं. जिथे आकडा खोल घसरतो तिथे सीमा. चौकोनाचा आकार बदलून, समजा १०० आणि ५०० किलोबेस, दोनदा चालवा. दोन्हीकडे टिकलेल्या सीमांवरच पुढचं काम उभं करा.

नववी पायरी: ठिपके आणि त्यांच्या मुळाशी असलेलं प्रथिन

१० किलोबेसवर, चौकोनाच्या टोकाशी, आजूबाजूपेक्षा ठळक ठिपका दिसतो. तो लूप. ज्या दोन ठिकाणी त्याची टोकं येतात तिथे बहुतेक वेळा सीटीसीएफ हे प्रथिन आणि कोहेसिन हे कड्याच्या आकाराचं प्रथिनसंकुल असतं. सीटीसीएफ ज्या अक्षरक्रमावर बसतं त्याला दिशा असते. दोन टोकांच्या दिशा यदृच्छेने पडल्या असत्या तर समोरासमोर तोंड असलेल्या जोड्या २५ टक्के मिळाल्या असत्या. रावांना ९० टक्क्यांहून अधिक मिळाल्या.

सरळ साखळीवर लाखो बेस दूर असलेल्या दोन अक्षरक्रमांना एकमेकांची दिशा कशी कळते? त्यांना ती कळावी लागतच नाही. कोहेसिन डीएनएवर बसतं आणि दोन्ही बाजूंनी तो ओढत लूप वाढवत नेतं. योग्य दिशेला तोंड असलेलं सीटीसीएफ वाटेत भेटलं की त्या बाजूचं ओढणं थांबतं. २०१५-१६ मध्ये लीबरमन-एडन आणि लिओनिड मिर्नी यांच्या गटांनी हे प्रारूप नकाशांशी पडताळून पाहिलं. नंतर एकट्या रेणूंच्या प्रयोगांत हे डोळ्यांसमोर दिसलं, २०१८ मध्ये कोहेसिनचं भावंड असलेल्या कंडेन्सिनमध्ये आणि २०१९ मध्ये खुद्द मानवी कोहेसिनमध्ये. वेग सेकंदाला साधारण एक हजार बेस. त्याआधीच, २०१५ मध्ये, क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने सीटीसीएफचा अक्षरक्रम उलटा केल्यावर लूप बदलतात हेही सिद्ध झालं होतं.

तुम्ही स्वतः करायचं ते असं. ठिपक्याच्या दोन्ही टोकांवर सीटीसीएफच्या चिप-सेकचा (प्रथिन डीएनएवर कुठे बसतं ते दाखवणाऱ्या प्रयोगाचा) ट्रॅक लावा. दोन्हीकडे शिखर आहे का पाहा, मग अक्षरक्रमाची दिशा तपासा. शिखर नसेल तर तो लूप लगेच खोटा ठरत नाही. एन्हान्सर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) आणि प्रमोटर (जनुकाच्या सुरुवातीचा भाग) यांच्यातले संपर्क सीटीसीएफशिवायही असतात. मात्र त्याला वेगळा पुरावा लागतो.

ठिपका म्हणजे कायमची बांधलेली गाठ असं कधीही लिहू नका. २०२२ मध्ये उंदराच्या जिवंत पेशींत एफबीएन-टू जनुकाजवळचा एक लूप थेट पाहिला गेला. हाय-सीत तो ठळक दिसतो. प्रत्यक्षात पूर्ण बंद अवस्थेत तो ३ ते ६ टक्के वेळच होता, आणि एकदा बंद झाला की साधारण १० ते ३० मिनिटं टिकत होता. सरासरीतून काय हरवतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

कंपार्टमेंट आणि लूप यांची कारणंही वेगळी आहेत. २०१७ मध्ये मानवी एचसीटी-११६ पेशींतलं कोहेसिन ऑक्सिनच्या साहाय्याने तोडून टाकलं तेव्हा लूप नाहीसे झाले आणि कंपार्टमेंट उलट अधिक स्पष्ट झाले. कोहेसिन परत येऊ दिल्यावर लूप झपाट्याने परतले. म्हणून "कंपार्टमेंटच्या आत टॅड, टॅडच्या आत लूप" ही उतरंड पाठ करण्यापेक्षा दोन वेगळ्या यंत्रणा एकाच धाग्यावर काम करतायत, असं समजावं.

दहावी पायरी: सीमा तुटली की काय होतं ते नकाशावर शोधा

एचजी१९ संदर्भात दुसऱ्या गुणसूत्रावर २१९ ते २२४ मेगाबेसचा भाग उघडा. सुमारे २१९.७ वर डब्ल्यूएनटी-सिक्स, २१९.९ वर आयएचएच, २२२.३ वर ईपीएचए-फोर आणि २२३.१ वर पीएएक्स-थ्री ही जनुकं आहेत. ईपीएचए-फोर मोठ्या टॅडमध्ये आहे. हातापायांच्या वाढीत त्याला चालू करणारे एन्हान्सरही त्याच टॅडमध्ये आहेत. शेजारची जनुकं सीमांपलीकडे.

बर्लिनमधल्या श्टेफान मुंडलोस यांच्या गटाने २०१५ मध्ये अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्यात बोटं जन्मतः आखूड, जुळलेली किंवा जास्त होती. एका प्रकारात ईपीएचए-फोरसकट पीएएक्स-थ्रीच्या बाजूची सीमा गळाली होती. मग तेच एन्हान्सर पीएएक्स-थ्रीला नको तिथे चालू करत होते आणि बोटं आखूड राहत होती. दुसऱ्या प्रकारात उलट्या किंवा दुप्पट झालेल्या भागामुळे एन्हान्सर डब्ल्यूएनटी-सिक्सच्या शेजारी आले होते. क्रिस्परने उंदरात तेच बदल करून पाहिले. सीमा शाबूत ठेवून जवळपास तेवढाच भाग काढला तेव्हा पीएएक्स-थ्री भलतीकडे चालू झालं नाही. माझ्या मते या कामाचा सगळा जोर या शेवटच्या तुलनेत आहे.

मात्र प्रत्येक सीमेबद्दल असाच निष्कर्ष काढू नका. कोहेसिन काढलेल्या वरच्या प्रयोगात सगळे लूप गेले तरी बहुतेक जनुकांचं काम माफकच बदललं होतं. सीमा मोडल्यावर रोग होतो की नाही हे ठरतं पलीकडे कोणतं जनुक आहे आणि अलीकडचा एन्हान्सर त्याला चालू करू शकतो का यावर.

आणखी एक सराव करा. के५६२ या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींचा नकाशा घ्या आणि ९ विरुद्ध २२ हा चौकोन उघडा. नवव्यावर १३३.६ मेगाबेसपाशी एबीएल-वन, बाविसाव्यावर २३.५ पाशी बीसीआर. जीएम१२८७८ मध्ये इथे फिकट पट असेल. के५६२ मध्ये तीक्ष्ण कोपऱ्याचा ठळक डाग दिसेल, कोपऱ्यापासून लांब जाताना फिका होत जाणारा. हे फिलाडेल्फिया गुणसूत्र. दोन वेगळ्या गुणसूत्रांचे तुकडे इथे सलग जोडले गेले आहेत, त्यामुळे कर्णाचाच एक तुकडा भलत्या जागी उमटला आहे. म्हणजे अशा ठळक संपर्काला दोन गुणसूत्रांमधला लूप म्हणण्याआधी ट्रान्सलोकेशनची शक्यता काढून टाकायला हवी.

अकरावी पायरी: कच्च्या माहितीपासून स्वतः नकाशा बनवा

वाचता येऊ लागलं की हे करावंसं वाटतंच. सिक्वेन्सिंगच्या फाइली बीडब्ल्यूए-मेमने संदर्भ जिनोमवर बसवायच्या. दोन्ही टोकं स्वतंत्रपणे बसतील असा पर्याय न विसरता निवडायचा, कारण हे प्रोग्रॅम टोकं जवळजवळ असतील असं गृहीत धरतात आणि हाय-सीत तेच खोटं असतं. पुढे पेअरटूल्सने जोड्या ओळखणं, क्रमाने लावणं, नकला काढणं. मग कूलरने रकाने आणि समतोल, कूलटूल्सने उतार, कंपार्टमेंट, इन्शुलेशन आणि ठिपके. आज्ञा टाइप करायची सवय नसेल तर हायसी-एक्सप्लोरर गॅलक्सीच्या वेबसाइटवरून चालवता येतो. मानवी जिनोमचा पूर्ण प्रयोग लॅपटॉपला झेपणार नाही. सरावाला यीस्ट घ्या. त्याचा जिनोम सव्वा कोटी बेसच्या आसपास, सगळं काम आटोक्यात राहतं.

पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांनी एक ध्यानात ठेवावं, हा विषय आपल्या शहरांत जिवंत आहे. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत संजीव गलांडे यांच्या गटाने २००७ मध्ये एसएटीबी-वन आणि पीएमएल ही प्रथिनं एमएचसी वर्ग एकच्या जनुकांजवळ क्रोमॅटिनचे लूप कसे घडवतात ते दाखवलं, तेही हाय-सी यायच्या आधी. आयसर पुणे इथे गुणसूत्रांच्या केंद्रकातल्या जागांवर आणि आयआयटी मुंबईत क्रोमॅटिनच्या पॉलिमर प्रारूपांवर काम झालेलं आहे. प्रकल्प शोधताना तिथली प्रकाशनं जरूर वाचा.

बारावी पायरी: दुसऱ्या पद्धतीने पडताळा, मग लिहा

हाय-सीत काही नवं दिसलं तर फिश पद्धतीने, रंगीत प्रोब लावून, सूक्ष्मदर्शकाखाली अंतर मोजता येतं. दोन्ही निकाल जुळतीलच असं नाही. हाय-सी किती वेळा अगदी जवळ आले ते मोजते, फिश सरासरी किती अंतर आहे ते. क्वचितच पण घट्ट भेटणारी जोडी एका पद्धतीत ठळक आणि दुसऱ्या पद्धतीत सामान्य दिसू शकते. शिवाय २०१८ मध्ये श्याओवेई झुआंग यांच्या गटाने एकेका पेशीतलं क्रोमॅटिन चित्रित केलं, तेव्हा टॅडसारखे गोळे प्रत्येक पेशीत दिसले, पण त्यांच्या सीमा पेशीगणिक वेगळ्या होत्या. त्यामुळे "या पेशींत इथे सीमा आहे" याऐवजी "इथे सीमा पडण्याची शक्यता जास्त आहे" असं लिहिणं अधिक अचूक.

शेवटी आकृती तयार करताना तिच्याखाली एवढं नक्की द्या: संदर्भ जिनोमची आवृत्ती, एन्झाइम, नकला काढल्यानंतरचे एकूण संपर्क, रकान्याचा आकार, नॉर्मलायझेशनची पद्धत, रंगपट्टीचा किमान आणि कमाल आकडा, आणि स्वतंत्र प्रयोग किती. आवृत्ती विशेष जपून लिहा. ईपीएचए-फोर एचजी१९ मध्ये २२२.३ मेगाबेसवर आहे, तर जीआरसीएच३८ मध्ये २२१.४ वर. नकाशा एका आवृत्तीचा आणि जनुकांचा ट्रॅक दुसऱ्या आवृत्तीचा असेल तर जवळजवळ एक मेगाबेसचा फरक पडतो, आणि जनुक सीमेच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतं.